चिठ्ठीत आलेली बाजू

मुलुंड पूर्वेला आमच्या बिल्डिंगच्या मागच्या गल्लीत ज्येष्ठ नागरिक संघाचा हॉल आहे. त्या संघाची दरवर्षी वादविवाद स्पर्धा होते आणि आमच्या घरात तिची तयारी दिवाळीपेक्षा जास्त जोरात चालते. माझे सासरे बँकेतून निवृत्त झालेले, सासूबाई शाळेत मराठी शिकवायच्या. दोघांनाही बोलायची भारी हौस, आणि दोघांचाही डोळा तिथल्या फिरत्या ढालीवर. ढाल म्हणजे काय, तर लाकडी पाटावर ठोकलेला पितळेचा पत्रा. पण तो पत्रा वर्षभर आपल्या टीव्हीशेजारी असावा म्हणून माणसं कुठल्या थराला जातात हे मी लग्न झाल्यापासून बघतेय. विषय मात्र ठरलेले असायचे. ‘मोबाईल: शाप की वरदान’, मग ‘एकत्र कुटुंब हवे की नको’, मग पुन्हा मोबाईल.

दोन वर्षांपूर्वी संघाला नवे कार्यवाह मिळाले. हे निवृत्त वकील, आणि मोबाईलला विटलेले. यंदा विषय ज्वलंत असेल असं त्यांनी जाहीर केलं आणि हॉलबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहिलं: ‘गर्भपात: स्त्रीचा हक्क की जबाबदारीतून पळवाट?’ संघातल्या सर्वांत तरुण सभासदाचंही गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं होतं. या विषयाचा प्रत्यक्ष उपयोग तिथे कुणालाच नव्हता, त्यामुळे सगळे हिरिरीने तयारीला लागले.

संघाचा नियम असा की बाजू आपण निवडायची नाही. स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकतात, हाताला येईल ती बाजू मांडायची. आमचे बाबा, म्हणजे सासरे, आयुष्यभर पुरोगामी. सत्यनारायणाच्या प्रसादालासुद्धा ते नुसतं शिरा म्हणतात. त्यांना आली ‘पळवाट’. आई, म्हणजे सासूबाई, सोमवार-चतुर्थ्या पाळणाऱ्या. ओट्यावरच्या मुंग्यासुद्धा मारत नाहीत, हळदीची रेघ ओढून त्यांना परत पाठवतात. त्यांना आला ‘हक्क’.

आईंनी चिठ्ठी बदलून मागितली. कार्यवाहांनी नियमावर बोट ठेवलं. घरी आल्या आल्या त्या देवासमोर उभ्या राहिल्या आणि मोठ्याने म्हणाल्या की हे माझं मत नाही, चिठ्ठी निघालीय, नोंद असावी. पुढे प्रत्येक सरावानंतर देवाला हा खुलासा जायचा. बाबा बाल्कनीतून ओरडून सांगायचे की देव परीक्षक नाहीये.

हे सगळं आता हसत सांगतेय, पण त्याच आठवड्यात मला उलट्या सुरू झाल्या होत्या.

पहिले काही दिवस सगळा दोष कचऱ्याच्या डंपिंगला गेला. कांजूरच्या बाजूने वारा फिरला की आमच्याकडे वास येतो, मग बिल्डिंगभर खिडक्या लागतात. मला मळमळलं की नवरा उठून खिडकी लावायचा. खिडकी लावूनही मळमळलं की पडदा ओढायचा. त्याची काळजी खरी होती, हे मला मान्य आहे. शेवटी मी ऑफिसातून येताना केमिस्टकडून टेस्ट घेऊन आले, बाथरूममध्ये गेले, आणि दोन रेघा बघून कमोडवर बसून हसत सुटले. त्या हसण्यात आनंद नव्हता, पण दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं.

माझं वय तेव्हा एकेचाळीस. मुलगी नववीत. तिच्या वेळी माझं बीपी असं काही चढलं होतं की डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता एकीवर थांबा. तेव्हाच आमचं ठरलं की नवऱ्याने नसबंदी करून घ्यायची. ठरलं म्हणजे तो हो म्हणाला. मग गणपती आले. मग मॅचेस होत्या. तो खेळत नाही, बघतो. मग दिवाळी, मग त्याची पाठ. तो नाही असं एकदाही म्हणाला नाही. ‘गणपती होऊन जाऊ देत’ एवढंच म्हणायचा, आणि गणपती तर दरवर्षी येतात.

मला हे मूल नको होतं. कारणं हवी असतील तर देते: बीपी, वय, नोकरी, मुलीची दहावी तोंडावर आलेली. पण ही कारणं मी मागाहून जुळवली. टेस्ट हातात असताना आतून पहिलं जे आलं ते ‘नको’ हेच होतं. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो पांढराफटक पडला, मग माझा हात धरून म्हणाला, तू म्हणशील तसं. मला वाटलं, किती समजूतदार. दुसऱ्या दिवशी विचारलं, पण तुला काय वाटतं रे? तू म्हणशील तसं. तिसऱ्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला की हात झटकण्याचाच हा एक प्रकार आहे, फक्त आवाज गोड असतो.

खरी भीती मला आईंची होती. त्या ओरडतील याची नाही. त्यांच्या ओरडण्याची मला सवय आहे. माझी स्वतःची आई मी कॉलेजात असताना गेली. ती जागा या बाईने घेतली, न विचारता. मला ताप आला तेव्हा रजा टाकू नकोस म्हणणाऱ्या ऑफिसला शिव्या दिल्या, बढती मिळाली तेव्हा बिल्डिंगभर पेढे वाटले, आणि भांडणात कायम माझ्या बाजूने उभं राहून पोटच्या मुलाला झापलं. मला मूल नको होतं आणि आई हव्या होत्या. दोन्ही एकदम जमेल का, हे मला कळत नव्हतं. गुपचूप उरकावं म्हटलं, तर टू बीएचकेत शिंकसुद्धा लपत नाही.

इकडे सराव रंगात आला होता. बाबांनी भाषणासाठी शाळेतला जुना निबंध उकरून काढला: आत्मवृत्त. ‘मी गर्भ बोलतोय.’ गर्भाचा आवाज बारीक हवा, म्हणून ते कवळी काढून ठेवायचे. पंच्याहत्तरीचा माणूस पायजमा-बनियनवर बाल्कनीत उभा, कवळी चहाच्या बशीत, आणि समोरच्या बिल्डिंगकडे हात पसरून म्हणतोय, ‘आई, मला बाहेर येऊ दे.’ समोरच्या बाईंनी एकदा फोन करून विचारलं की आजोबांना बाल्कनीत कुणी कोंडून ठेवलंय का. मी त्यांना सांगितलं की स्पर्धा आहे. त्यांनी ऑल द बेस्ट दिला.

गंमत म्हणजे बाबांचं भाषण बाबांनाच पटायला लागलं. सराव करताना त्यांचा गळा दाटून यायचा. एकदा जेवताना म्हणाले की या प्रश्नाचा आपण आजवर फार वरवर विचार केला. मी समोरच्या कोशिंबिरीकडे बघत बसले होते. तिचा वास मला सहन होत नव्हता, आणि बाबांचा हा नवा विचारही होत नव्हता.

आईंचं उलट. त्यांना मुद्देच सुचेनात. मनात नाही ते बोलायचं, आणि ढाल तर हवीच. एका रविवारी कणीक मळताना त्या मला म्हणाल्या की तू आजकालची, नोकरी करणारी, तूच सांग बाई असं का करते. मी भेंडी चिरत होते. मी म्हटलं, समजा एक एकेचाळीस वर्षांची बाई आहे. आणि सुरूच झाले. बीपी सांगितलं, नववीतली मुलगी सांगितली, नवरा सांगितला. फक्त गणपती वगळले, कारण लगेच ओळखू आलं असतं. आई पिठाचे हात तसेच धरून ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, सगळं ठीक आहे, नवरा मात्र तू जरा जास्तच मठ्ठ घेतलायस, परीक्षकांना खरा वाटणार नाही. त्याला त्यांनी थोडं सुधारून घेतलं.

स्पर्धेच्या संध्याकाळी हॉल गच्च भरला होता. बाबा आधी बोलले. कवळी खिशात, आवाज बारीक, आणि शेवटच्या वाक्याला स्वतःच असे हमसून रडले की वेळेची घंटा वाजवणाऱ्या बाईंनी घंटा बाजूला ठेवून त्यांना पाणी नेऊन दिलं. मग आई उठल्या. चष्मा सारखा केला आणि म्हणाल्या, माझ्या ओळखीची एक बाई आहे. आणि पुढे माझं आख्खं आयुष्य त्या हॉलमध्ये माईकवरून ऐकू आलं. ती सकाळी उठून सगळ्यांचे डबे कसे भरते, पहिल्या बाळंतपणात किती घाबरली होती, तिला सगळे सांगतात पण विचारत कुणीच नाही. जबाबदारी टाळणारी बाई अशी असते का, आईंनी विचारलं. मूल वाढवणं म्हणजे काय हे तिला पुरतं ठाऊक आहे, म्हणूनच ती घाबरलीय. हे वाक्य मी त्यांना सांगितलं नव्हतं. ते त्यांचं स्वतःचं होतं.

मी रुमालात तोंड खुपसून रडले. माझ्या एका बाजूला नवरा मान खाली घालून बसला होता. सुधारून घेतलेला असूनही त्याला तो नवरा ओळखू आला असावा. दुसऱ्या बाजूच्या आजींनी माझ्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाल्या, छान बोलते हं तुझी सासू.

ढाल आईंना मिळाली. बाबांना उत्तेजनार्थ एक स्टीलची वाटी मिळाली आणि ते घरी येईपर्यंत गप्प होते. मुलगी क्लासला गेली होती. आई ढाल टीव्हीशेजारी कधी सरळ, कधी तिरकी ठेवून बघत होत्या. मी मनाशी म्हटलं, एवढं ज्यांना कळतं त्यांना सांगायला कसली भीती. आणि मी बोलले.

“आई, ती बाई मी आहे.”

त्यांना आधी कळलंच नाही. मग त्यांनी माझ्या पोटाकडे बघितलं, मग बंद खिडकीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. ढाल छातीशी धरून त्या सोफ्यावर बसल्या.

“अगं, ते भाषण होतं,” त्या म्हणाल्या. “चिठ्ठी आली होती मला तशी.”

त्यांचा राग आला, आणि स्वतःचा त्याहून जास्त. या घरात इतकी वर्षं काढूनही मी भाषणाला मत समजून बसले. बाहेरची एखादी फसली असती तर समजू शकलं असतं. मी तर यांचे सराव ऐकतच म्हातारी होत चाललेय.

बाबांनी खिशातून कवळी काढून लावली, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. म्हणाले, आपण मुद्देसूद बोलू. खुर्च्या ओढल्या गेल्या. आमचं घर असंच आहे. फ्रिज डबल डोअर घ्यायचा की सिंगल, यावरही दोन्ही बाजू मांडून झाल्या होत्या. आईंनी आधी बोलावं, आणि यावेळी खरं मत सांगावं असं ठरलं. आई म्हणाल्या, जीव तो जीव. तो देणारे आपण नाही, तर घेणारे कोण? मग सवयीने स्वतःच म्हणाल्या की यावर प्रतिपक्ष म्हणेल, आईचाही जीवच आहे. मग स्वतःवरच चिडल्या. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा स्वतःचाच मुद्दा खोडला. इतके दिवस घोटलेलं भाषण तोंडातून जाईचना. बाबांची पंचाईत वेगळी. स्त्रीच्या शरीरावर स्त्रीचाच अधिकार, असं त्यांनी खणखणीत सुरू केलं, पण दुसऱ्या वाक्याला आवाज बारीक झाला आणि डोळे भरले. त्यांना पाणी आणून द्यावं लागलं.

नवऱ्याची पाळी आली. तो म्हणाला, ती म्हणेल तसं. बाबांनी सांगितलं की हा मुद्दा होत नाही. तो म्हणाला, मग मी काय बोलू यार. तेव्हा मी सगळा नसबंदीचा इतिहास बाहेर काढला, मॅचेस, पाठ आणि सगळ्या गणपतींसकट. बाबा छताकडे बघायला लागले. आई मात्र मुलाकडे बघत राहिल्या, आणि शांतपणे विचारलं की फळ्यावर जी पळवाट लिहिली होती ती नक्की कुणाची. त्याचे कान लाल झाले होते. (तो पुढच्या महिन्यात जाऊन आला, गणपती दाराशी आलेले असताना. सोबत बाबा गेले होते, आणि तिथल्या डॉक्टरांना त्यांनी पुरुषांच्या जबाबदारीवर चार शब्द सांगितले असं ऐकलंय.)

इथपर्यंत मी सहन केलं. मग बाबा म्हणाले की आता मत घेऊया, हात वर करून. माझं डोकंच फिरलं.

“मी विषय नाहीये,” मी म्हटलं. “मला हे मूल नकोय. शनिवारी मी डॉक्टरकडे जाणार आहे. कुणी माझ्या बाजूने बोलू नका आणि विरोधातही बोलू नका.”

आणि बेडरूममध्ये जाऊन दार आपटलं. दार आपटायला मला बरं वाटलं, एवढं खरं सांगते.

पुढचे दिवस आई माझ्याशी कामापुरतं बोलत होत्या. चहा ठेवलाय. दूध बघ. इस्त्रीवाला आलाय. ढाल त्यांनी टीव्हीपाशी ठेवलीच नाही, कपाटावर टाकून दिली. बाबांनी ती खाली काढायला घेतली तर त्यांच्यावर खेकसल्या. मला वाटलं, झालं, आई गेल्या हातातून. ते मला फार लागलं. ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसून मी डोळे पुसायचे आणि सर्दी झालीय म्हणायचे. तरी ‘नको’ जिथल्या तिथे होतं. रोज सकाळी उठून मी बघायचे, हललंय का. हललेलं नसायचं.

शनिवारी मी आणि नवरा निघालो तर आई दारात. इस्त्रीची साडी नेसलेल्या, हातात पर्स, पाण्याची बाटली. कुठे निघालात हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. बाबाही चपला शोधायला लागले तेव्हा आईंनी त्यांना सांगितलं की तुम्ही घरी बसा, तुम्ही तिथे रडाल. ते बसले. सगळ्या रस्ताभर आई कॅबच्या खिडकीशी बसून बाहेर बघत होत्या आणि मला वाटत होतं की आता त्या डॉक्टरांपुढे त्यांची खरी बाजू मांडणार.

डॉक्टर बाई होत्या, माझ्याहून लहान. त्यांनी तपासलं, सोनोग्राफी बघितली, गोळ्या कशा घ्यायच्या, काय काय होईल, काय झालं तर लगेच यायचं, सगळं नीट समजावून सांगितलं. मग संमतीचा कागद पुढे केला. नवऱ्याने झटकन खिशातून पेन काढलं. जबाबदारी घ्यायला इतका उतावीळ मी त्याला कधी बघितलं नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या, तुमची सही नकोय, फक्त यांची. आईंनी पर्स मांडीवरून बाजूला ठेवत विचारलं, आणि घरातल्या मोठ्यांची? तीही नको, डॉक्टर म्हणाल्या. कायद्यात फक्त यांचीच लागते. आमच्या घरातली दोन माणसं एकदम गप्प बसलेली मी तिथे पहिल्यांदा बघितली.

मग डॉक्टरांनी दोघांना बाहेर बसायला सांगितलं, आणि दार लागल्यावर मला विचारलं की घरून कुणाचा दबाव आहे का, कर म्हणून किंवा करू नको म्हणून. मी नाही म्हटलं. तुमचंच ठरलंय ना? हो. इतक्या दिवसांत हा प्रश्न मला असा साधा, उत्तरासाठी थांबून कुणी विचारलाच नव्हता. सही करताना मला रडू आलं. वाईट वाटत होतं, खूप वाईट वाटत होतं, आणि तरीही पेन खाली ठेवावंसं वाटलं नाही. पहिली गोळी मी तिथेच घेतली.

बाहेर आल्यावर नवरा बाकीची औषधं आणायला मेडिकलकडे पळाला. आईंनी मला थांबू दिलं नाही, रिक्षा थांबवली. गल्लीतला रस्ता खणून ठेवलेला. रिक्षा एका खड्ड्यात आपटली तशी आईंनी माझ्यासमोर हात आडवा धरला आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, भैया, धीरे लो ना, बहू की तबियत ठीक नहीं है. तो हात मग त्यांनी काढला नाही.

थोड्या वेळाने मी विचारलं, “आई, तुम्ही रागावलाय माझ्यावर?”

“हो,” त्या म्हणाल्या. “मला नाही पटलं हे. अजून नाही पटलेलं. पुढेही नाही पटणार.”

त्यांच्या आवाजात भाषण नव्हतं. हे त्यांचं मत होतं, आणि ते मला पहिल्यांदाच सरळ ऐकायला मिळत होतं.

“मग आलात कशाला?”

“तुझ्याबरोबर कोण जाणार होतं?”

मी म्हटलं, नवरा होता की. आई माझ्याकडे वळल्या आणि नुसत्या बघत राहिल्या. मला हसू फुटलं, मग त्यांनाही, आणि हसता हसता मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून मोठ्याने रडायला लागले. ड्रायव्हरने आरशातून बघितलं आणि रिक्षा आणखी हळू केली. आई म्हणाल्या, रड, घरी मऊ भात करते, आणि तू एवढी घाबरली होतीस तर मला आधी का नाही सांगितलंस गं. त्यांच्या आवाजावरून कळलं की त्याही रडतायत.